आजीचा सहावा हिस्सा

बासू : नाही म्हणजे नाही, तूदा! अख्खं कुराण पाठ आहे मला. मुलगा, मुलगी, आई-बाप, नवरा-बायको, भाऊ-बहीण, सगळ्यांचे हिस्से आहेत त्यात. आजीचा नाही. कुठंच नाही!

तूदा : मी कुठं म्हणतेय आहे म्हणून?

बासू : मग झालं तर. दुपारच्या अस्रच्या नमाजानंतर वारसाचा दस्त लिहायला अदूल येतील. आई आधीच गेली, म्हणजे बाबांचे वारस दोन, तू आणि मी. घर विकू, मेक्नेसला जाऊ. विषय संपला.

आजी : माझं ओझं नको रे पोरांनो तुम्हाला. मी जाते रिशला, भाचीकडे.

तूदा : आजी, तू खजूर निवड. तुला कुठंही जायचं नाहीये.

बासू : आणि हाकलतंय कोण तिला? माझ्याकडेच राहील की मेक्नेसला.

आजी : पाचव्या मजल्यावर?

बासू : लिफ्ट आहे, आजी.

आजी : ती पेटी? पेटीत तर आपण मेलेल्यालाही घालत नाही!

तूदा : ऐकलंस? दादा, बाबा रांगत होते तेव्हा त्यांची आई गेली. तिच्या आईनं, म्हणजे बाबांच्या ह्या आजीनं, बाबांना वाढवलं. ह्याच घरात. आता बाबा गेले, तर हिनं लिफ्टमध्ये उभं राहायचं?

बासू : वाढवलं हे मी नाकारतोय का? पण वारसा मायेवर ठरत नाही. अल्लाहच्या ग्रंथात असेल तर हिस्सा, नसेल तर नाही.

तूदा : अशीच एक आजी खलिफा अबू बक्र यांच्यापुढे आली होती.

बासू : झाली सुरू, लाला झहूरची शिकवणी!

तूदा : हो, लाला झहूरचीच! दर शुक्रवारी मशिदीत त्या बाईंपुढे बसून आम्ही मुली काय नुसता पुदिन्याचा चहा पितो असं वाटतं का तुला? ऐक. त्या आजीचा नातू वारला होता. ती म्हणाली, माझा हिस्सा द्या. खलिफा काय म्हणाले असतील?

बासू : काय?

तूदा : म्हणाले, अल्लाहच्या ग्रंथात तुझ्यासाठी काही नाही.

बासू : बघ! बघ! मी मघापासून दुसरं काय सांगतोय?

तूदा : अरे, त्यांचं बोलणं तरी संपू दे! पुढं म्हणाले, पैगंबरांनी तुझ्यासाठी काही ठरवलं असेल तर तेही मला ठाऊक नाही. तू आत्ता परत जा, मी लोकांना विचारतो. कळलं? तू पहिल्याच वाक्यावर बसकण मारलीस. ते नाही बसले.

आजी : मग काय झालं गं तिचं?

तूदा : विचारलं त्यांनी लोकांना. पैगंबरांचे एक सोबती, मुघीरा, उठले, म्हणाले, माझ्यासमोर पैगंबरांनी आजीला सहावा हिस्सा दिलाय.

बासू : एकट्या माणसाच्या सांगण्यावरून? त्याच्यासोबत दुसरं कुणी होतं का?

तूदा : हेच! अगदी हेच विचारलं खलिफांनी! दादा, अरे तू खलिफा झालास!

आजी : ह्याला अजून स्वतःचे मोजे सापडत नाहीत.

तूदा : आपले अदूल नाही का जोडीनं येत, तसंच ते. दुसरा साक्षीदार हवाच. मग दुसरे सोबती, मुहम्मद इब्न मस्लमा, उठले आणि त्यांनीही तेच सांगितलं. झाला निकाल! मिळाला तिला सहावा हिस्सा.

बासू : पण ही हदीस झाली, तूदा, पैगंबरांबद्दल लोकांनी सांगितलेली गोष्ट. कुराण ते कुराण. वरचढ काय?

तूदा : वरचढ? ही काय कुस्ती आहे? बरं, सूरा हश्र म्हण. सातवी आयत.

बासू : आत्ता?

तूदा : का? पाठ नाही?

बासू : पाठ नाही म्हणे! पाच वर्षांचा होतो तेव्हापासून म्हणतोय. ऐक.

(बासू डोळे मिटून सुरात आयत म्हणू लागतो. निम्म्यातून पुढे गेल्यावर त्याचा आवाज मंदावतो आणि थांबतो.)

तूदा : काय झालं? अडलास?

बासू : अडलो नाही.

तूदा : मग अर्थ सांग. आजीला अरबी कुठं कळतं?

बासू : पैगंबर तुम्हाला जे देतील ते घ्या... आणि ज्याची मनाई करतील त्यापासून दूर राहा.

तूदा : कुठं आहे हे? हदीसमध्ये?

बासू : तूदा...

तूदा : सांग ना! मोठ्यानं सांग!

बासू : कुराणात.

तूदा : आणि आजीला पैगंबरांनी काय दिलं?

बासू : सहावा हिस्सा.

तूदा : आला! आजी, दुसरा साक्षीदार आला! आणि आला कुणाच्या तोंडून? तर अख्खं कुराण पाठ असणाऱ्याच्या!

बासू : ओरडू नकोस, शेजारी धावत येतील.

तूदा : येऊ देत! सगळं एर्फूद गाव येऊ दे!

बासू : वेडे, तुझाही हिस्सा कमी होणार आहे, कळतंय का? आणि आता आजी हो म्हटल्याशिवाय घर विकताच येणार नाही. मेक्नेसची मोठी शाळा विसर.

तूदा : इथल्या शाळेला काय आग लागलीय? आजी, घर विकू द्यायचं का?

आजी : मला मेलीला सहीसुद्धा येत नाही.

तूदा : अंगठा तर येतो! पण तो द्यायचा नाही, एवढंच कर.

बासू : रोज म्हणत आलो ही आयत. जिभेवर बसली, डोक्यात काही शिरली नाही.

आजी : शिरली की आता. वडील असते तर पाठ थोपटली असती तुझी.

तूदा : त्याची? बोलले मी, पाठ त्याची?

आजी : तू ये इकडे. तुझी मी थोपटते.

बासू : दार वाजतंय. अदूल आले वाटतं. थांब तूदा, मी जातो... या सिदी, या, दोघंही या. हो, चहा ठेवलाय. त्याआधी लिहून घ्या, वारस तीन आहेत. हो, दोन म्हणालो होतो, चुकलं माझं. पहिलं नाव आजीचं घाला.

आजी : तूदा, पाहुण्यांना त्या लोकरीच्या गादीवर बसव गं. माझ्या घरी आलेत ते.