बकुळेची वाडी

रत्नागिरीच्या एस्टी स्टँडवर देवरुखच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे दोन मासळीवाल्या उभ्या होत्या. म्हातारी बकुळा पोचवायला आली होती, जायचे होते तरण्या शेवंतीला.

"मावशी, माझ्या गळ्यातून 'मासे घ्या' म्हणून हाकच निघायची नाही."

"नवऱ्याशी भांडताना निघायची ना?"

"तो मुंबईत दुसरी करून बसला, तेव्हासुद्धा नाही निघाली."

"मग आता काढ. दोन पोरं काय मुक्यानं जेवतील?"

"पण त्या वाडीतली गिऱ्हाइकं तुझी. माझ्याकडून कोण घेईल?"

"माझ्यानं आता घाटी चढवत नाही, म्हणून वाडी तुला दिली. सांग, मी बकुळेची सून."

"तुला मुलगा कुठाय?"

"ते वाडीतल्या बायकांना ठाऊक आहे. हसतील. हसलेली बाई मासे घेते गो."

"आणि नाही हसल्या तर?"

तेवढ्यात गाडी लागली. कंडक्टर ओरडला, "ही माशांची पाटी कोणाची? बोला, नाहीतर इथंच टाकून जाईन!"

शेवंतीने बकुळेकडे पाहिले. बकुळा तोंड फिरवून पदर झटकत राहिली. कंडक्टरने पाटी पायाने सरकवली.

"माझी आहे! पाय काढा आधी!"

सगळी रांग वळून बघू लागली.

"हळू गो," बकुळा म्हणाली, "वाडी अजून लांब आहे."