बुलेटचा पाय

हॅलो?… कोण?… आक्का व्हय! हां, मालनच बोलतीय. आवाज तुटतोय तुझा, जरा दारात येऊन बोल की… हां, आता आलं.

बरी हाय… व्हय, बरी हाय म्हणलं की.

काय?… कुणी सांगितलं तुला?… ह्यांनी? आमच्या ह्यांनी तुला फोन लावला? मी टायफाईडनं पडलेली तवा बिद्रीला तुला एक फोन करा म्हणलं, तर रेंज न्हाय म्हणालं. आन कुत्र्याच्या पायासाठी बरी रेंज आली!

व्हय, व्हय… आगं ऐक की. आधी ऐकून तर घे… फासा? मी फासा लावला म्हणालं? आक्का, कोंबड्यांचं खुराडं हाय ते! खुराड्याला फासा म्हणत्यात व्हय?

बरं. मग पहिल्यापास्नं ऐक. मधी बोलू नगंस.

उन्हाळ्यापास्नं माझ्या कोंबड्या जायला लागल्या. आज एक, चार दिसांनी एक. परसात नुसती पिसं. सगळी म्हणायची मुंगूस असंल. आगं, मुंगूस मान फोडतं, रगत पितं. अख्खी कोंबडी उचलून कुंपणावरनं उडी मारत न्हाय. मी जोतीरामभावजींना इचारलं, तुमचा बुलेट दुपारचा मोकळा असतोय काय? इचारलं नुसतं! तर जाऊबाई अंगावर आल्या. म्हणं, आमचा बुलेट दूध-अंड्यावर हाय, तुझ्या खरकाट्यातल्या कोंबड्या त्याच्या तोंडाला लागायच्या न्हाईत.

व्हय, त्योच. शर्यतीचा कुत्रा. जत्रंत ढाल मारल्यापास्नं त्या घरात त्यो एकटाच माणूस, बाकी सगळी जनावरं.

मग मी म्हणलं, कुणाचं नाव घ्यायचं न्हाय. आपलं आपण बांधायचं. ह्यांना म्हणलं, जरा हात लावा. तर ओट्यावर बसून हसत हुते… "चार कोंबड्यांपायी दुसरा पन्हाळा बांधतीस काय?"

बांधला की! एकटीनं बांधला. भवतीनं गुडघाभर चर खणला, त्यात जाळी पुरली, आन खाली बाहेरच्या अंगाला वळवली. म्हंजे जनावर कितीबी उकरू दे, फुडं जाळीच लागणार… न्हाय न्हाय, ती षटकोनी भोकाची नगं, ती कुत्रं दातानं तोडतंय. जाड तारंची, वेल्डिंगची. भोक इतकं बारीक की मुंगसाचं तोंड जायचं न्हाय. वरनं बी जाळी, घारीसाठी. कोंबड्यांना हिंडायला फुडं अंगण ठेवलं, ते बी जाळीतच. दाराला वर एक कडी, खाली एक. आक्का, तू बघितलं असतंस तर… जाऊ दे.

आन मग त्या दिवशी भर दुपारी. मी शेतात भांगलायला गेलते. येते तर परसात हा कालवा! बघते तर बुलेट. उकरून उकरून जाळीच्या कडंखाली पाय घातलेला, आन माघारी ओढताना तारा पंजात रुतलेल्या.

कोंबड्या?… सगळ्या हायत. कोपऱ्यात गोळा हून बसलेल्या. एक पीस हाललं न्हाय.

तेच म्हणतीय! चोर कोण ते सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. भावजींनी, जाऊबाईंनी, त्यांच्या राजवीरनं, ह्यांनी. एक माणूस 'मालन, तुझं खरं हुतं' म्हणाला न्हाय. भावजी डोकं धरून बसलं, शर्यत गेली म्हणून. जाऊबाई म्हणाल्या, हिनं मुद्दाम केलं, आमचं नाव झालेलं बघवंना हिला. मग भावजींनी पहार घेतली आन फुडची सगळी जाळी उचकटून टाकली… न्हाय! सोडवायला न्हाय! कुत्रं सुटल्यावर, आक्का. सुटल्यावर उचकटली.

कोंबड्या सैपाकघरात हायत. डालग्याखाली. ह्यांना वास येतोय म्हणं.

काय?… माफी?… कशाची माफी?

रविवारी… व्हय, राजवीरचा साखरपुडा हाय, ठावं हाय मला… थांब. नवरी तुझ्या नणंदंची पोरगी. म्हणून फोन केलास व्हय तू?… न्हाय, तसं कसं न्हाय? तसंच हाय. मला वाटलं, आक्कानं इचारपूस करायला फोन केला.

चालतोय. टाके पडलेत, पर चालतोय. अंगणात हिंडतोय सकाळपास्नं… कुत्र्याचं इचारून झालं आसंल तर माझा हात कसा हाय ते इचार.

…व्हय. हात.

चावला की. सांगितलं न्हाय ह्यांनी?… न्हाय सांगणार. आगं, गुरगुरत हुता, जवळ कोण जाईना. राजवीर लांबनंच 'बुलेट, बुलेट' करत हुता. मीच पकड घेऊन खाली बसले, एकेक तार कापली. शेवटची तार तुटली आन त्यानं मनगट धरलं. उजवं… हे तिथंच हुते. बाजूलाच. "हळू, हळू, त्याचा पाय दुखंल" म्हणालं. कुत्र्याला न्हवं, आक्का. मला म्हणालं.

मग गाडी काढली, कोल्हापूरला न्यायला. त्याला. मी हाताला पदर गुंडाळून दारात उभी. म्हणलं, वाटंत दवाखान्यात मला बी सोडा. तर मागच्या शीटावर त्यो आडवा, त्याचं डोस्कं राजवीरच्या मांडीवर. भावजी चालवणार, फुडं हे. हे काच खाली करून म्हणालं, "तुला कुठं बसवू? तू वडापनं ये."

गेले की वडापनं. जीप गच्च भरलेली. कोण कुठली बाई, रगत बघून उठली आन मला जागा दिली.

सुया चालू हायत… व्हय, सगळ्या घ्याव्या लागत्यात.

न्हाय, येणार न्हाय मी. रविवारी जाळी परत बसवायची हाय. डाव्या हातानं येळ लागतोय, पर लागू दे.

काय सांगू म्हणतीस?… आजारी हाय म्हणून? न्हाय. तसं अजिबात सांगायचं न्हाय. तुझ्या नणंदंला सांग, मालनला कुत्रं चावलं म्हणून. कुणाचं चावलं ते बी सांग. आन गाडीत कोण बसलं, ते बी…

हॅलो?… आक्का?… ऐकतीस न्हवं?… हॅलो?…

ठेवला.