बर्फाच्या कप्प्यातली पिसं

फ्रीज दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे रांगेत एक बाई आणि त्यांचे धाकटे दीर उभे होते.

"वहिनी, आजच्या आज दुरुस्त करायला असं आहे तरी काय त्या फ्रीजमध्ये?"

"पिसं. बर्फाच्या कप्प्यात."

"दादाची?"

"मग काय माझी? गळाला बांधून खोट्या माश्या करायचे ना, मासे फसावेत म्हणून, तीच. त्या पिसांच्या पेटीला कसर लागली होती."

"तरी सांगत होतो, दादा गेल्यावर पेटी मला द्या. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"तुमच्या दादांना तरी कुठं कळत होतं? नवी पिसं आणली की एकदा गोठवायचे आणि थेट पेटीत टाकायचे. त्यानं अळ्या मरतात, अंडी राहतात."

"आणि आता फ्रीजच बंद. म्हणजे केल्यासवरल्यावर पाणी!"

"उलट बरं झालं. मध्ये जरा ऊब मिळाली की अंडी फुटतात. अळ्या बाहेर आल्या की पुन्हा गोठवायच्या. मी पिसं उद्या बाहेर काढणारच होते."

"आणि तोवर त्यांनी सगळं फस्त केलं तर?"

"म्हणून तर सकाळपासून इथं उभी आहे."

"बरं, मग साफ झाली की द्याल ना पेटी?"

"पेटी नाही. रविवारी तळ्यावर या, एक माशी देईन."

"दादानं बांधलेली?"

"त्यांच्या सगळ्या कसरीनं खाल्ल्या, भावजी. आता मी बांधते. सरका पुढं, आपला नंबर आलाय."