पोटफोड्या ष

श्रीधर : उकळला? म्हणजे कढईत घालून?

मुक्ता : हो, वाईनमध्ये. साध्या माणसाला पाणी चाललं असतं, पण हा कितीही छोटा असला तरी राजा होता. इटलीच्या वाटेवर तापाने गेला. देह घरी पोचेपर्यंत टिकला नसता. मग उकळायचं, मांस सुटलं की ते तिथेच पुरायचं आणि हाडं पेटीत भरून गावी पाठवायची. मोठ्या लोकांसाठी तेव्हा अशी पद्धतच होती, बाबा.

कुंदा : मुक्ता, मी पोळी खातेय.

मुक्ता : सॉरी, आई. डबा बंद कर थोडा वेळ. हॅनोव्हरची गाडी अजून चाळीस मिनिटं येत नाही. फेअरश्पेटुंग दाखवतायत, लेट आहे.

श्रीधर : आणि आपण त्या हाडांना नमस्कार करून आलो? तुझी आई तर चर्चच्या दारात चपला काढून आत गेली.

कुंदा : मला काय माहीत? दगडावर हात जोडलेला माणूस कोरलाय, पायाशी कुत्रा बसलाय. मला वाटलं कोणी संत असेल.

मुक्ता : संत कसला. राइफेनरोडचा वेडेकिंड. राज्य म्हणजे सात गावं आणि एक गढी. पीएचडीसाठी चार वर्षं याचीच कागदपत्रं वाचतेय मी, आणि आता त्याचं नाव टाइप करतानासुद्धा किळस येते. तीन लग्नं केली त्याने. पहिली बायको पाचव्या बाळंतपणात गेली, पाचही मुली. दुसरीला मूल झालं नाही म्हणून तिला मठात पाठवली. तिसरी तेरा वर्षांची आणि हा अठ्ठावन्नचा.

श्रीधर : शी.

मुक्ता : मुलींपैकी तिघी मठात. धाकटी जुट्टा तेव्हा पाच वर्षांची होती. दोघी शेजारच्या सरदारांना दिल्या, त्यातली एक भांडण मिटवताना. त्या तहाचा कागद मी हातात घेतलाय. त्यात आधी दोन घोडे आहेत, त्यांचे रंगसुद्धा लिहिलेत. मग ती. तिचं नाव नाही, नुसतं 'मुलगी'.

श्रीधर : नालायक माणूस. घोड्याचा रंग आठवतो आणि पोरीचं नाव आठवत नाही.

मुक्ता : पुढचं ऐका. राजघराण्यांच्या वंशावळींचा एक जाडजूड ग्रंथ आहे, आमच्या लायब्ररीत. त्यात वेडेकिंडच्या नावापुढे एकच शब्द आहे, 'एर्लोशन'. म्हणजे विझलं. दिवा विझतो तसं घराणं विझलं.

श्रीधर : पाच मुली जिवंत असताना?

मुक्ता : गेनाऊ. अगदी तेच.

श्रीधर : हा शुद्ध आंधळेपणा आहे. एवढे शिस्तीचे लोक म्हणवून घेतात आणि यांना पाच माणसं दिसत नाहीत? तू प्रबंधात स्पष्ट लिही. कुणाची भीड ठेवू नकोस. आणि ती हाडांची पेटी आली तेव्हा ती घेतली कुणी?

मुक्ता : जुट्टाने. तोवर ती मठाची प्रमुख झाली होती. वेडेकिंडच्या पुतण्यांनी गढी घेतली, पेटी नको म्हणाले. जुट्टाने हाडं धुतली, कापडात शिवली, पुरली. तो दगडसुद्धा तिनेच घडवून घेतला. कुत्र्याच्या पायाखाली बारीक अक्षरं आहेत ना, मी टॉर्च मारून दाखवली ती? 'जुट्टाने मला करवलं.' दगडच बोलतोय असं लिहिलंय.

कुंदा : ज्या पोरीला पाचव्या वर्षी टाकून आला, शेवटी तिच्याच हातात आला.

श्रीधर : असल्या माणसाचं थडगं कशाला जपून ठेवलंय कोण जाणे.

कुंदा : अहो, तुमचा फोन वाजला.

श्रीधर : सुधीरचा मेसेज. छापखान्यातून. 'काका, फायनल समजू का? संध्याकाळी मशीनला लावतो.' मुक्ता, आपला कुलवृत्तांत गं. आम्ही पुण्याला पोचलो की तीन दिवसांत संमेलन, तिथे प्रकाशन. सहा वर्षं खपलोय मी याच्यासाठी. अकरा पिढ्या, चारशे पानं.

मुक्ता : मला दाखवा ना. फोनवर आहे? तुमचं पान काढा.

कुंदा : राहू दे गं आता. उन्हात काही दिसायचं नाही. घरी जाऊन बघ.

श्रीधर : दिसतंय की. पान दोनशे बारा. हे घे, वाच मोठ्याने.

मुक्ता : 'श्रीधर. जन्म १९५४. यंत्र अभियंता. छंद : गिर्यारोहण, पेटीवादन. पत्नी कुंदा, निवृत्त मराठी शिक्षिका. निर्वंश.'

श्रीधर : थांब, त्याचा अर्थ तसा नाही.

मुक्ता : बाबा, हे तुम्ही लिहिलंत?

श्रीधर : अगं, तो पारिभाषिक शब्द आहे. शाखा पुढे जात नाही, एवढंच त्यातून सांगायचंय. समितीचा नियमच आहे तसा, कन्यांची नोंद त्यांच्या सासरच्या कुलवृत्तांतात होते.

मुक्ता : माझं सासर राहिलंय कुठे? घटस्फोटाला दोन वर्षं झाली. हृषिकेशच्या घरचे मला त्यांच्या पुस्तकात कशाला ठेवतील? म्हणजे तिथे मी नाही आणि इथे तर कधी नव्हतेच. आल्झो, तर मग मी जन्मले की नाही तेवढं सांगा.

श्रीधर : तू उगाच भावनेच्या भरात काहीतरी बोलतेस.

मुक्ता : भावना नाही, किळस आहे. चार वर्षं वेडेकिंडची यायची ना, तीच. त्याच्यापुढे तो शब्द निदान दुसऱ्याने लिहिला, तो मेल्यावर. तुम्ही स्वतःच्या हाताने स्वतःला विझवलंत.

श्रीधर : त्या माणसाशी माझी तुलना करतेस? एकुलती एक मुलगी तू माझी. म्हणशील ते शिकवलं, म्हणालीस तिथे पाठवलं. लग्न मोडलं तेव्हा एक शब्द विचारला का तुला?

कुंदा : म्हणून तर जास्त वाईट आहे ते. वेडेकिंडला तो शब्द शोभतो तरी. अहो, गेल्या वर्षी तुम्हाला स्टेंट घातला तेव्हा पंधरा दिवस उशाशी कोण होतं? इथली सगळी कामं टाकून ही धावत आली. तुमचे पुतणे एकदा येऊन नारळपाणी ठेवून गेले. त्यांची नावं दोनशे तेरा पानावर जन्मतारखेसकट आहेत.

श्रीधर : हे तू आता बोलतेस? प्रुफं तू तपासलीस, कुंदा. एकेक पान. तेव्हा तोंड का नाही उघडलंस?

कुंदा : तेच दोन महिने माझ्या घशाखाली उतरत नाहीये. सुधीरच्या माणसाने 'निर्वंष' टाइप केलं होतं, पोटफोड्या ष. मी लाल पेन घेतलं, शेंडीफोड्या श केला आणि खालच्या ओळीवर गेले. मुक्ता, तुझ्या जागी तो शब्द होता आणि मला त्यातला फक्त ष दिसला. दुसऱ्या दिवशी कणीक मळताना एकदम लक्षात आलं. मला माझी शिसारी आली. तरी गप्प बसले.

मुक्ता : आई.

कुंदा : छत्तीस वर्षं शुद्धलेखन शिकवलं ना मी.

श्रीधर : बरं. ठीक आहे. माझ्या ओळीत बदल करायला सांगतो त्याला. 'कन्या मुक्ता, संशोधक, जर्मनी.' झालं समाधान?

मुक्ता : आणि अण्णाकाका? तुमच्या सख्ख्या भावापुढे काय लिहिलंय? त्यांच्या मुली, ऊर्मिला आणि शिवांगी, कुठे आहेत?

श्रीधर : मुक्ता, एकेक काढत बसलो तर संमेलनाला पुस्तकच मिळणार नाही. गावोगावहून लोक येणार आहेत. समिती मला फाडून खाईल. मी अध्यक्ष आहे तिचा.

मुक्ता : मग माझंही नाव नको. अध्यक्षांची मुलगी म्हणून वशिल्याने जन्माला यायचं नाहीये मला. राहू द्या आहे तसं. गाडी आली की घरी जाऊ, जेवू, आणि मी यावर परत काही बोलणार नाही.

कुंदा : बोलणार नाही म्हणतेय ती, अहो. ऐकताय ना? तुमचीच सवय आहे ती.

श्रीधर : त्या दगडावरची अक्षरं इतकी बारीक का कोरली तिने?

मुक्ता : नक्की सांगता येत नाही. मोठी कोरली असती तर पुतण्यांनी घासून टाकली असती बहुतेक.

श्रीधर : आणि पाच वर्षांची होती म्हणालीस, मठात टाकली तेव्हा.

मुक्ता : हो. पाच.

श्रीधर : पाचव्या वर्षी तू माझ्या टेबलाखाली बसायचीस. मी ड्रॉइंग काढत असलो की माझ्या पट्ट्या पळवायचीस.

मुक्ता : बाबा, प्लीज. आता ते नको.

श्रीधर : (फोन लावून) हॅलो, सुधीर? मी बोलतोय. मशीनला लावू नकोस. नाही, कव्हर ठीक आहे, आतलं आहे. एक शब्द चुकलाय. समितीला काय सांगायचं ते मी बघतो. होऊ दे उशीर, संमेलन पुस्तकाशिवाय होईल. काय? शुद्धलेखनाचं नाही रे, ते अगदी बरोबर आहे. किती ठिकाणी? थांब, बघून सांगतो.

कुंदा : एकेचाळीस. सगळीकडे मीच श केलाय.