कॉम्प्युटरला घातलेला हार

हसू नका, पण त्या खंडेनवमीला माझ्या हातनं भलतंच झालं हुतं. लेकानं बारामतीहून कॉम्प्युटर आणला, आन् हौसेनं पडद्यावर आमच्या मालकांचा, म्हंजी त्याच्या आबांचा फोटू लावला. मी खुरप्या-कोयत्यासंगं त्यालाबी हार घातला, उदबत्ती लावली. तेवढ्यात मालक दारात येऊन थबकलं. जित्या माणसाच्या फोटूला हार! मी तो काढायच्या आत पडदा आपसूक काळा झाला.

"आबा, घाबरू नका," लेक म्हणाला. "पाच मिनटं हात न्हाय लावला की असंच हुतं. माउस हलवला की तुमी परत दिसताय. न्हायतर सेटिंगमदी जाऊन फोटूच बदलतो."

मालक हळूच म्हणालं, "मग कुणाचा लावतूस?"

हारामागं आपला फोटू कुणालाच नको हुता. नाव कुणीच घेतलं न्हाय.