झाकणावरची घंटा

दवाखान्यात माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. भावजयीच्या अंगठ्याला ओलं फडकं गुंडाळलेलं.

“वहिनी, भाजलं कशाने?”

“सोल्डरिंगच्या कांडीने.”

“ती तर दादाची. तू कशाला हात लावलास?”

“रिटायर झाल्यापासून हे रोज एक यंत्र बनवतात. चालत एकही नाही. रोज नवं सामान आणायचं कुठून? म्हणून हे आंघोळीला गेले की मी जुनं यंत्र सोडवते आणि सुटे भाग परत यांच्या डब्यात टाकते.”

“आणि त्याला कळत नाही?”

“तीनशे दिवस नाही कळलं. उलट मलाच सांगायचे, बघ, मी किती जपून वापरतो, डबा अजून भरलेलाच.”

“धन्य आहे.”

“मग गेल्या आठवड्यात संशय आला. काल डब्याच्या झाकणाला घंटा बसवली. उघडलं की वाजणार.”

“मग उघडायचंच नाही ना!”

“यांनी बनवलेली घंटा. वाजेल असं वाटलंच नाही मला.”

“वाजली?”

“अशी वाजली, की हातातली कांडी अंगठ्यावर. हे साबणाच्या फेसासकट बाहेर.”

“रंगेहाथ पकडलं म्हण. चिडला असेल.”

“चिडतात कसले! ‘चालली, चालली’ करत नाचले. चार वेळा झाकण उघडायला लावलं. अंगठा नंतर दिसला.”

“आणि सामानाचं काय म्हणाला?”

“म्हणाले, घंटा तेवढी सोडवू नकोस. बाकी तुझं चालू दे.”