जेट आणि धानाची रोवणी

सांगते तुम्हाला, कॉलेजच्या मित्रांसोबत बनवलेल्या मोबाइलवरच्या युद्धखेळात मी भारताची विमानं खऱ्या इतिहासाच्या क्रमाने लावली. वाटलं, गावी दवनीवाड्याला चुलतभाऊ नितेश खूश होईल. त्याने मोबाइलच पुढे केला.

"ताई, कालपर्यंत एक विमान जिंकलं की जेट भेटत होतं. आज मधात पाच विमानं काऊन घुसवली?"

"इतिहास तसाच आहे रे."

"उद्या धानाची रोवणी लागते. मग दिवाळीपर्यंत कोण खेळते?"

मी इतिहास समजावत राहिले. माझा घसा बसला, तो जांभया देत राहिला.

"तुझं बरोबर आहे," शेवटी म्हणाला, "पण उद्या चिखलात मी जाऊन राहिलो."

सकाळी ठरवलं, क्रम बदलायचा नाही. नितेशला जेट मिळेपर्यंत धानाच्या बांधीतल्या चिखलात त्याच्याऐवजी मी उतरायचं.